गावडेकाका आणि सहा-दहाचा शॉक

सुमन जाधव यांना गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, आमच्या इमारतीच्या अंगणातल्या नळाने शॉक दिला. वेळ नक्की आहे, कारण मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला पहिला भोंगा सहा-दहाला होतो आणि सुमनताईंची किंकाळी त्या भोंग्यातच ऐकू आली. त्या अनवाणी होत्या. उजवा हात खांद्यापर्यंत बधिर झाला, भरलेला हंडा पायावर पडला आणि एक बोट मोडलं.

त्याच दिवशी साडेदहाला सोसायटीचे चिटणीस सामंत यांनी फळ्यावर सूचना लावली. "रहिवाशांनी नळावर येताना रबरी चपला घालाव्यात व ओल्या हाताने नळास स्पर्श करू नये."

ओल्या हाताने नळास स्पर्श करू नये! पाणी काय चिमट्याने भरायचं? शॉक बसला सुमनताईंना आणि ताकीदही त्यांनाच!

मी तेव्हा एका नागरिक गटात काम करायचे. पत्रकं लिहिणं, सायक्लोस्टाइल करणं, स्टेशनबाहेर वाटणं. रागाने लाल होऊन मी दुपारपर्यंत पत्रक तयार केलं. 'वीज कंपनीचा बेफिकीर कारभार, कामगार स्त्री जखमी.' संध्याकाळी जिन्यात चिकटवायला गेले तर मागून आवाज आला, "गो शैला, थांब. तुझ्या पत्रकात तीन चुका आसत."

हे गावडेकाका. तिसऱ्या मजल्यावर राहणारे, वसाहतीतल्या एका कारखान्यात वायरमन. गाव मालवणकडे. मुंबईत तीस वर्षं काढली तरी बोलणं अर्धं इथलं, अर्धं तिथलं.

गावडेकाकांना आमच्या इमारतीत सगळे 'उलटा हात' म्हणायचे. कारण हा माणूस कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा हाताच्या मागच्या बाजूने शिवायचा. दाराची कडी, जिन्याचा लोखंडी कठडा, फ्रिज, सगळं. एकदा देवळात गेले. घंटेवर रोषणाईची माळ गुंडाळलेली होती. काकांनी आधी घंटेला उलटा हात लावला, दोन क्षण थांबले, मग सुलटा करून वाजवली. पुजारी बघत राहिला. मला ताप आला होता तेव्हा काकांनी माझ्या कपाळाला उलटा हात लावला, तो मात्र सगळेच लावतात, म्हणून मी हसले, तर म्हणाले, "हसतंस काय? तळवो लावलो आणि आत वीज आसली तर मूठ मिटता. मिटली की सुटणा नाय. उलट्या हाताक झटको बसलो तर हात मागे येता."

हे तुम्ही घरी करून बघू नका. काकाही इतरांना करू द्यायचे नाहीत. हा मान त्यांनी स्वतःकडे ठेवला होता.

दुसरी खोड पाहुणचाराची. कुणाच्याही घरी गेले की चहा पुढे येण्याआधी काकांची नजर भिंतीवरून फिरायची आणि ते विचारायचे, "तिसरो खय?" म्हणजे 'तिसरा कुठे?', प्लगचा तिसरा, जाडा पाय. आपल्याकडे घरातला सॉकेट दोन भोकांचा असतो आणि इस्त्रीचा प्लग तीन पायांचा. मग आपण काय करतो? जाडा पाय कापतो. कुणी तर प्लगच काढून टाकतं आणि उघड्या तारा भोकांत घालून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट बसवतं. आमच्या इमारतीत काडेपेट्यांचा खप चुलीपेक्षा भिंतीत जास्त होता. दुसऱ्या मजल्यावरच्या मोरे जोडप्याकडे काका पहिल्यांदाच गेले आणि दारातूनच "तिसरो खय?" म्हणाले, तेव्हा लग्नाला तीन वर्षं झालेली बिचारी वहिनी रडत आत गेली.

"तो पाय कापूक तुमका कोणी सांगला?" काका ओरडायचे. "तो शोभेचो नाय! ती परतीची वाट आसा. वीज जमनीक जातलीच. खयच्या वाटेन जातली, ता आपण ठरवूचा. तारेतसून, नायतर तुझ्या बायलेच्या अंगातसून."

असं बोलणारा माणूस कुणाला आवडणार? लोक त्यांना बघून टेबलफॅन पलंगाखाली सरकवायचे.

तर, माझ्या पत्रकातल्या तीन चुका. काकांनी जिन्यातच पेन्सिल काढली. "एक, दोष कंपनीचो नाय. दोन, नळ वीज तयार करणा नाय, नळापर्यंत ती कोणीतरी आणून सोडली. तीन, बेफिकीर शब्दाची वेलांटी ऱ्हस्व काढलंस."

"मग दोष कुणाचा?" मी चिडून म्हटलं.

काका मला अंगणात घेऊन गेले. मीटरच्या खोलीतून एक हिरवी पडलेली तांब्याची तार भिंतीवरून खाली येत होती आणि नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली होती. ही म्हणे आमच्या चोवीस खोल्यांची अर्थिंग. कुणाच्याही घरात वीज गळली, की ती या तारेतून पाइपात आणि पाइपातून जमिनीत निघून जायची. बांधणाऱ्याने खड्डा खणायचा कंटाळा केला आणि पाइपावर भागवलं.

"आणि आता बघ," काकांनी बोट दाखवलं. कुंपणापाशी जमिनीतून वर आलेला पाइपाचा तुकडा काळा होता. प्लास्टिकचा. मे महिन्यात गंजलेला पाइप बदलला, तेव्हा प्लंबरने बसवलेला. चिटणिसांनी त्याबद्दल सभेत टाळ्याही घेतल्या होत्या.

"प्लास्टिकातसून वीज जाणा नाय," काका म्हणाले. "म्हणजे परतीची वाट बंद. कोणाच्या तरी घरातली वीज नळापर्यंत येता आणि थय थांबता. कोणीतरी हात लावी पर्यंत."

मी पत्रक फाडलं. दुसरं लिहिलं. या वेळी त्यात शिव्या कमी आणि पाइप जास्त होता.

पुढचे दोन रविवार आम्ही लोकांच्या डोक्यावर बसलो. मी ओरडायची आणि काका समजावायचे, पण काकांच्या समजावण्यानेच लोक जास्त घाबरायचे. शेवटी सभेत दोन गोष्टी मंजूर झाल्या. अंगणात अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा, आणि मीटरच्या खोलीत एक पेटी.

खड्ड्याची मजा सांगते. पुरुषभर खोल खड्डा, त्यात पाइप उभा केला आणि भोवती कोळसा-मीठ, कोळसा-मीठ असे थर. बायका वाकून बघत होत्या. "काका, हे लोणचं मुरायला किती दिवस?" सुमनताई लंगडत येऊन म्हणाल्या. मोडलेल्या बोटाला प्लास्टर होतं, तरी औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला रोज जात होत्या, कारण न गेलेल्या दिवसाचा पगार नाही. काका गंभीरपणे म्हणाले, "ह्या लोणच्याक रोज पाणी घालूचा लागता." आणि त्या दिवसापासून सकाळी दूध आणायला जाताना खड्ड्यात एक तांब्या ओतूनच पुढे जायचे. चार दिवसांत कुणीतरी खड्ड्याच्या झाकणाला हळद-कुंकू वाहिलं. काका खवळले नाहीत. म्हणाले, "वाहूंदे. निदान वर गाडी लावचे नाय."

पेटी समजावणं अवघड होतं. पाकिटावर काहीतरी इंग्रजी आद्याक्षरं होती. सामंतांनी सभेत विचारलं, "फ्यूज आहे ना? मग ही भानगड कशाला?"

काका म्हणाले, "सहल काढता ना शाळा? मास्तर तीस पोरा घेऊन जाता. येताना मोजता. एकोणतीस भरली तर बस सोडता?"

"नाही."

"ही पेटी मास्तर आसा. गेली तेवढी वीज परत इली काय, मोजता. थोडी जरी वाटेत खय उतरली, तर खट् करून सगळा बंद. फ्यूज मास्तर नाय, फ्यूज हमाल. पाठ मोडी पर्यंत गप उचलता. माणूस मराक लागता ती वीज फ्यूजाक कळणा पण नाय."

टाळ्या पडल्या. पेटी बसली. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सहा-दहाच्या सुमाराला, खट्.

सगळी इमारत अंधारात. मोरीत साबण लावलेले पुरुष ओरडायला लागले. तेही चाललं असतं, पण पाण्याचा पंप बंद पडला. आमच्याकडे महापालिकेचं पाणी पहाटे पाऊण तास येतं आणि तेवढ्यात पंपाने वरची टाकी भरली तर भरली. लोक धावत दूध केंद्रावरून काकांना घेऊन आले. काकांनी पेटीचा दांडा वर केला. पाच मिनिटांनी पुन्हा खट्. पुन्हा वर. पुन्हा खट्. काका वैतागून वर कपडे करायला गेले, त्यानंतर कुणीतरी दांडा वर केला तर तो निमूट राहिला, पण तोवर पाणी गेलं होतं.

असं चार दिवस चाललं. बायकांनी पेटीचं नाव 'रुसूबाई' ठेवलं. सामंत म्हणाले, "रविवारी सभा. रविवारी ही रुसूबाई माहेरी." वरच्या मजल्यावरच्या लोकांना खालून बादल्या वाहाव्या लागत होत्या. पेटी काढा म्हणणाऱ्यांत सुमनताईंचे शेजारीसुद्धा होते. पाणी नसलं की माणसं दुसऱ्याचा शॉक लवकर विसरतात.

"पेटी खोटा बोलणा नाय," काका म्हणत राहिले. "कोणाच्या तरी घरात गळती आसा. रोज. त्याच येळेक." ते कामावरून आले की घरोघर फिरायचे. मिक्सर उलटे केले, फ्रिज पुढे ओढले, काडेपेटीच्या काड्या तर ओंजळभर निघाल्या. मोरेवहिनींनी त्यांना चहासुद्धा दिला. गळती काही सापडली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी फळ्यावरच्या जुन्या पत्रकाजवळ उभी होते. माझंच पत्रक, माझंच वाक्य. 'सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.' आणि एकदम डोक्यात आलं. शॉक सहा-दहाला. पेटीही सहा-दहाला. एकच गळती! जी वीज तेव्हा सुमनताईंच्या हातातून गेली, तीच आता पेटी मोजतेय.

मी काकांच्या मागे धावले. "काका, किती खोल्या तपासल्या?"

"तेवीस."

"आपल्याकडे चोवीस आहेत."

"चोविसावी माझी," काका म्हणाले. "ती मियां स्वतः वायरिंग केलेली आसा."

"मग ती तपासायची नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी देवळात चप्पल घालून शिरले होते. पण मी पत्रकवाली. मला असल्या नजरा चालतात. "सकाळी सहाला येते," म्हटलं.

शनिवारी सहाला गेले. खोली लख्ख. प्रत्येक सॉकेट तीन भोकांचा. काकांनी नेहमीसारखी इस्त्री उभी करून शहाबादी फरशीवर ठेवली, प्लग लावला. त्यांचा नेम असा: इस्त्री तापत ठेवायची, दूध आणायचं, परत आलं की प्लग काढायचा आणि मगच शर्टावर फिरवायची. प्लग लागलेली इस्त्री हातात कधी धरायची नाही. केवढी सावधगिरी! आणि तापत्या इस्त्रीला एकटं सोडून तीन मजले खाली जायचं, हे मात्र त्यांना कधी खटकलं नव्हतं.

"आज दूध नको," मी म्हटलं. आम्ही दोघं इस्त्रीसमोर बसून राहिलो. भोंगा झाला. आणि भोंगा थांबायच्या आत खोली अंधारली. खालून आरोळी आली, "गेलीऽऽ!"

काकांनी उठून प्लग काढला. खाली कुणीतरी दांडा वर केला. दिवे आले. दिवे तसेच राहिले.

तेव्हा मला दिसलं. इस्त्रीच्या बुडाशी, जिथून वायर निघते तिथे, टीचभर जागेवर कापडाची चिंधी गुंडाळलेली होती. जांभळ्या लुगड्याची, वर बारीक गाठ. मधे रंग उडून ती करपट झालेली. दुसऱ्या कुणाच्या घरात ही चिंधी दिसती तर काकांनी पक्कडीने वायर तोडून त्या माणसाला जिन्यापर्यंत व्याख्यान दिलं असतं.

"काका, हे काय?"

काकांनी इस्त्री आपल्याकडे ओढून घेतली. मग म्हणाले, "तिने बांधलेला."

मनोरमाकाकी चार वर्षांपूर्वी गावी गेल्या, काकांच्या आईला अर्धांगवायू झाला म्हणून. तेव्हापासून गणपतीला चार दिवस भेट, बस. इथे होत्या तेव्हा काकी काटकसरीच्या. शेगडीची वायर फाटली, चिंधी बांधली. रेडिओची तुटली, काड्या खोचल्या. काका कामावरून येऊन सगळं तोडून टाकायचे आणि पुन्हा नीट जोडायचे. एकदा काकी म्हणाल्या होत्या, "ह्या घरात माझ्या हातचा एक तरी काय तुम्ही ठेवलात?"

"गावाक जायच्या आदल्या दिवशी तिने माझे सगळे शर्ट इस्त्री करून ठेवले," काका म्हणाले. "तेव्हा ही वायर उसवली आसतली. माका सांगूक घाबरली. बांधून ठेवली. ती गेल्यावर माका दिसला." त्यांनी बोट चिंधीवर ठेवलं. "हात लावलंय नाय."

"आत वायर कशी आहे ते बघितलं नाही?"

"बघूचा तर सोडूचा लागला असता."

बोलायला खूप होतं. रबर उष्णतेने विरघळत गेलं, तापली की आतली तार अर्थिंगच्या तारेला टेकू लागली, मे महिन्यात पाइप बदलला, आणि एका मंगळवारी एका बाईचं बोट मोडलं. हे सगळं माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. त्यांनी पक्कड घेतली नाही. नखांनी गाठ सोडली. सुटायला वेळ लागला. आत दोन तारा उघड्या, काळ्या पडलेल्या, तापल्या की एकमेकींना टेकतील इतक्या जवळ आल्या होत्या.

रविवारच्या सभेत सामंत पेटी काढायचा ठराव वाचायला उठले, तर काका त्यांच्या आधी उभे राहिले. इस्त्री बरोबर आणली होती, चिंधी नाही.

"गळती माझ्या घरात होती," ते म्हणाले. "माझी इस्त्री. चार वर्षां मियां वायर उघडून बघलंय नाय. सुमन, तुका शॉक लागलो तो माझ्या घरचो."

तेवीस घरांना या माणसाने 'तिसरो खय' विचारून हैराण केलं होतं. कुणीतरी मागे खी-खी केलं. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला.

सुमनताई म्हणाल्या, "म्हंजे मी इतके दिवस त्या नळाला शिव्या घालत व्हते, त्या तुमच्या नावच्या व्हत्या व्हय?"

"होय."

"कळू तर द्यायचं. जरा जपून घातल्या असत्या." मग त्या सामंतांकडे वळल्या. "ह्यो मानूस एवढा शाना, तरी ह्याच्या घरात गळलं. तुमच्या-माझ्या घरात गळनार न्हाई, असं लिहून देता? त्या फळ्यावर? माझ्या बोटाच्या बातमीशेजारी?"

सामंत बसले. पेटी राहिली. सोमवारी सहा-दहाला भोंगा झाला, पंप चालत राहिला, टाकी भरली.

त्याआधी, सभेच्या रविवारी दुपारीच काकांनी मला वर बोलावलं होतं. समोर अंतर्देशीय पत्र, कोरं. "माझा अक्षर तिका लागणा नाय. तू लिव." मी पेन घेतलं. बाहेर उन्हात खड्ड्याजवळ पोरं लगोरी खेळत होती.

"लिव. आयेक औषध वेळेवर दे. विहिरीच्या पंपाक ओल्या हातान शिवू नको." हे त्यांनी न सांगताही मी लिहिलं असतं. मग काका घुटमळले. "लिव, इस्त्री जुनी झाली, म्हणून काढलंय. नवी घेतलंय."

"आणि चिंधीचं?"

"चिंधीचा नाव काढू नको."

"काका," मी म्हटलं, "सगळ्या इमारतीसमोर खरं सांगितलंत आणि काकींना..."

"सुमनाक सांगलंय, कारण तिचो हात होतो. मनूक कित्याक सांगू? ती थय एकटी म्हातारेक उठवता, बसवता. तिका कळला की आपल्या गाठीमुळे कोणाचा बोट मोडला, तर पुढे सुई धरूची नाय." ते खिडकीकडे बघत होते. "चूक बघणाऱ्याची. बांधणाऱ्याची नाय. लिव गो."

मी आयुष्यात लिहिलेला तो पहिला खोटा कागद. वेलांट्या सगळ्या नीट काढल्या.

म्हणून इथली नावं मी बदलली आहेत आणि गाव नुसतं मालवणकडे म्हटलंय. काकींपर्यंत हे पोचता कामा नये. तुमच्यापर्यंत मात्र पोचलंय, आणि तुम्हाला सूट नाही. आज, उजेड आहे तोवर, घरातले सगळे प्लग भिंतीतून काढा. प्रत्येक वायर टोकापासून टोकापर्यंत बघा. जिथे कुणी मायेने काही बांधलं असेल तिथे ते सोडा आणि आत काय आहे ते बघा, किंवा बघू शकेल अशा माणसाला बोलवा. मग खाली उतरा, चिटणिसांचं दार वाजवा आणि विचारा: आपल्या इमारतीची अर्थिंगची तार जमिनीत कुठे उतरते, ती जागा दाखवा. 'माहीत नाही' हे उत्तर घेऊन वर येऊ नका.